खोडदच्या दुर्बिणीचे अंशशोधन

शहापूर-मुरबाडला लागून असलेल्या कल्याणजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या उभारल्या. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या या तबकड्यांपैकी २४ पूर्व-पश्चिम आणि ८ दक्षिणोत्तर ओळीत होत्या. ६१० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर त्या सूर्याचे वेध घेत. याच कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो आणि त्यातील खोडदला स्वरूप यांचीच महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आहे.

येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ, तर १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीचा पृष्ठभाग पोलादी तारांच्या विरळ जाळीचा असून वारा तिच्यातून आरपार जातो.

कोणत्याही दोन तबकड्यांची एक जोडी, अशा ४३५ जोड्या होतात. एकच तरंग दोघींपर्यंत किती अंतराने पोहोचला, हे प्रत्येक जोडी मोजते. २१ सेंटीमीटरच्या तरंगात मार्ग एका सेंटीमीटरने चुकला, तर कला सुमारे १७ अंशांनी सरकते आणि चित्र विस्कटते. म्हणून ३सी २८६ सारख्या ज्ञात तेजाच्या स्रोताकडे सर्व तबकड्या वळवतात. अज्ञात त्रुटी तबकडीगणिक, म्हणजे ३०, मापने ४३५. या विपुलतेमुळेच प्रत्येक तबकडीची त्रुटी वेगळी काढता येते. यालाच अंशशोधन म्हणतात.

विश्वाची आद्य रचना शोधताना हे काम फारच कठीण होते. महास्फोटानंतर साठएक कोटी वर्षांनी उदासीन हायड्रोजनने सोडलेला २१ सेंटीमीटरचा तरंग विश्वप्रसरणाने ताणला जाऊन आज सुमारे दोन मीटरचा झाला आहे. आपल्याच आकाशगंगेचे रेडिओ प्रारण त्याच्या हजारो पट प्रखर असते. खगोलशास्त्रज्ञ यशवंत गुप्ता आदींचा सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने या ताणलेल्या तरंगाच्या शोधासाठी निवडलेला अंशशोधक मला या विषयातील सर्वांत सुंदर कल्पना वाटतो. तो कर्क राशीतील बी ०८२३+२६ हा स्पंदक, म्हणजे पल्सार. तो सेकंदाला जवळपास दोनदा चमकतो. चमकेच्या वेळच्या मापनातून चमक नसतानाचे मापन वजा केले की स्थिर तेजाचे सारे आकाश गळून पडते आणि उरतो फक्त स्पंदक. त्यावरून तबकड्यांचा मेळ बसवता येतो.

जमिनीवरचे व्यत्ययही अशाच युक्तीने शोधले गेले. तारे आकाशात सरकतात, वीजवाहिनीवरची ठिणगी जागीच राहते. त्यामुळे तिचा संकेत मापनात वेगळा ओळखू येतो. दुर्बिणीनेच दिशा दाखवायची आणि मग हातातली अँटेना घेऊन शिवारात तो खांब गाठायचा, असे हे काम चाले.

या गटाने २०११ मध्ये हायड्रोजन संकेताची कमाल मर्यादा ७० मिलिकेल्व्हिन ठरवली. पुढे त्यांनी आपल्याच पद्धतीची परीक्षा घेतली. सिद्धान्तावरून रचलेला कृत्रिम संकेत मापनांत मिसळून स्वच्छतेनंतर तो किती शिल्लक राहतो, ते पाहिले. आकाशगंगेचे प्रारण पुसताना खरा संकेतही पुसला जात होता. २०१३ मध्ये त्यांनी मर्यादा २४८ मिलिकेल्व्हिन अशी सुधारून प्रसिद्ध केली.