मांजरांचा मूत्रदाह : औषधांची पन्नास वर्षं
मांजर दर पाच मिनिटांनी ट्रेमध्ये जाऊन बसतं, कुंथतं, ओरडतं आणि थेंबभर लालसर लघवी करून बाहेर येतं. हे पाहणाऱ्याला डॉक्टरांकडून एकच हवं असतं : औषध. गेल्या पन्नास वर्षांत या दुखण्यावर औषधं पुष्कळ आली, टिकली फार थोडी.

1970च्या सुमारास अमेरिकेत संशय विषाणूंवर होता. कॉर्नेल विद्यापीठात कॅथरीन फॅब्रिकंट यांनी आजारी मांजरांमधून विषाणू वेगळे केले होते. पुढे संशय कोरड्या खाद्यातल्या मॅग्नेशियमवर सरकला. कंपन्यांनी ते घटवलं, लघवी आम्लधर्मी होईल असं खाद्य काढलं. मॅग्नेशियमपासून बनणारे स्ट्रुव्हाइटचे खडे कमी झाले, पण कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले आणि ते खाद्याने विरघळत नाहीत. शिवाय खडे नसलेली असंख्य मांजरं कुंथतच राहिली. त्यांच्या मूत्राशयाला सूज होती आणि कारण सापडत नव्हतं.

या मांजरांना सर्रास अँटिबायोटिक मिळायचं. खरं तर तरुण मांजरांमध्ये या त्रासामागे जंतू क्वचितच असतात. तरी गोळ्यांनी आठवड्यात बरं वाटायचं, कारण हा झटका बहुतेकदा आठवडाभरात आपोआपच ओसरतो. श्रेय मात्र गोळीला जायचं. काही औषधांनी तर उघड इजा केली. माणसाच्या लघवीची जळजळ थांबवणारं फेनाझोपिरिडिन आणि जंतुनाशक म्हणून दिलं जाणारं मेथिलीन ब्लू, दोन्हींनी मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

म्हणूनच 1996 ते 2006 हा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. औषध खरंच लागू पडतं का, हे तुलना करून पाहायला सुरुवात झाली. 1996मध्ये मिनेसोटाचे कार्ल ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांनी काही मांजरांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि काहींना नुसती औषधविरहित गोळी दिली. फरक दिसला नाही. 1998मध्ये ओहायोत अमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध दिलेल्या 15 हट्टी रुग्णांपैकी 9 जणांचा त्रास घटला, पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. 2003मध्ये तेच औषध थोडे दिवस देऊन तुलना केली, तेव्हा उपयोग दिसला नाही. आज ते वारंवार उलटणाऱ्या दुखण्यातच, जपून दिलं जातं.

2004चा ग्लुकोसामाइनचा अभ्यास तर प्रत्येक मांजरवाल्याने वाचावा असा आहे. ब्रिटनमध्ये 40 मांजरांवर डॅनिएल गन-मूर यांनी तो केला. औषध घेणारी मांजरं सुधारली आणि न घेणारीही तेवढीच सुधारली. अभ्यासाच्या सुरुवातीला मालकांनी कोरड्या दाण्यांऐवजी डब्यातलं ओलं खाणं सुरू केलं होतं, आणि संशोधकांच्या मते बहुधा त्याचाच हा परिणाम होता. जास्त पाणी पोटात गेलं की लघवी पातळ होते आणि सुजलेल्या मूत्राशयाला कमी झोंबते.

मग 2006मध्ये ओहायोच्या टोनी बफिंग्टन यांच्या गटाने घरात राहणाऱ्या 46 मांजरांचा भोवताल बदलून पाहिला : उंच बसायला आणि लपायला जागा, खेळ, स्वच्छ ट्रे, घरातल्या दुसऱ्या मांजराशी कमी झगडा. दहा महिन्यांत मूत्रविकाराची लक्षणं लक्षणीय घटली. ताणाने बिघडणारी मज्जासंस्था या दुखण्याच्या मुळाशी आहे, या मताला त्यातून बळ मिळालं.

याचा अर्थ औषध नको असा मुळीच नाही. झटक्यात वेदना तीव्र असते आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामक देणं हे कर्तव्यच आहे. मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाबाबत मात्र सावध राहायला हवं. ते मांजरांना वारंवार दिल्यास मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010मध्ये छापायला लावला.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोरड्या दाण्यांवर वाढणारी मांजरं आता खूप आहेत, म्हणून कळकळीने सांगतो : अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवी तपासून घ्या. घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते. आणि बोका कुंथतोय पण लघवीचा थेंब येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठा.