मुठीतला चेंडू मागून तर बघा!

शिकागोतली एक शाळा. मुलांच्या जोड्या लावल्यात. एकाच्या मुठीत चेंडू, आणि दुसऱ्याला सांगितलंय, तीस सेकंदांत तो काढून घे. झालं, हातघाई सुरू! कुणी बोटं उलगडतंय, कुणी मनगट पिरगाळतंय, कुणी थेट अंगावरच बसतंय. वेळ संपल्यावर वर्ग घेणारा दादा विचारतो, ‘अरे, चेंडू नुसता मागितला का नाहीस?’ मुलगा गोंधळतो. मागून तो थोडाच देणार होता! आणि मागितला असता तर सगळ्यांनी भित्रा म्हटलं असतं ते वेगळंच. मग तोच प्रश्न चेंडूवाल्याला. तो म्हणतो, ‘मागितला असता तर दिला असता की. साधा चेंडू तर आहे.’

या उपक्रमाचं नाव ‘बिकमिंग अ मॅन’. मारामाऱ्या आणि गोळीबार रोजचेच असलेल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी तो चालतो. शाळेच्याच वेळेत, आठवड्यातून जेमतेम एक तास. २०१३मध्ये बराक ओबामाही या मुलांच्या गोलात येऊन बसले होते. अर्थशास्त्रज्ञ सारा हेलर, जेन्स लुडविग, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तासाचा हिशेब मांडायचं ठरवलं. कोणत्या मुलाला आत घ्यायचं हे त्यांनी निव्वळ नशिबावर सोडलं. नशिबानं आत आलेली मुलं आणि नशिबानं बाहेर राहिलेली मुलं एरवी सारखीच, त्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो या तासाचा. आणि फरक दिसला! उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या, एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी. पहिल्या तुकडीतल्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाणही १२ ते १९ टक्क्यांनी वाढलं.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की ‘भांडू नका’ असा उपदेश इथे कुणी करत नाही. ही मुलं राहतात त्या गल्लीत एकदा नमतं घेतलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी बूट काढून घ्यायला येतं. तिथे उलटून उभं राहणं हा शहाणपणाही असू शकतो. घोळ होतो तो गल्लीतली सवय वर्गात आली की. शिक्षकांनी ‘खाली बस’ म्हटलं तरी हात शिवशिवतात. म्हणून एवढंच शिकवायचं, की क्षणभर थांब, आपण कुठे आहोत ते बघ, मग काय करायचं ते कर. शिकागोतल्याच कुक काउंटीच्या बालबंदिगृहात असंच प्रशिक्षण दिलं, तेव्हा सुटून पुन्हा आत येणाऱ्या मुलांचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झालं.

गाडी कुठे लावू?

अर्थशास्त्रज्ञ गुन्ह्यांच्या वाटेला गेले कसे? गॅरी बेकर यांच्यामुळे. १९६०च्या दशकात ते एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला कोलंबिया विद्यापीठात निघाले होते आणि उशीर झाला होता. पैसे भरून वाहनतळावर गाडी लावावी, की नियम मोडून रस्त्यावरच सोडावी? दंड किती, पकडले जाण्याची शक्यता किती, असा झटपट हिशेब करून त्यांनी गाडी रस्त्यावर लावली. दंड झाला नाही. पण परीक्षेच्या खोलीकडे चालत जाताना त्यांच्या मनात आलं, की पालिकाही असाच हिशेब करत असणार. खोलीत शिरल्यावर त्यांनी त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न टाकला, गुन्हेगार आणि पोलीस या दोघांच्याही वागण्याचा सिद्धांत मांड! तोवर तो खुद्द बेकर यांनीही मांडला नव्हता. १९६८मध्ये त्यांचा गाजलेला निबंध आला आणि १९९२मध्ये नोबेल.

डॉनचा रुबाब, पोरांची उपासमार

बेकर यांच्या हिशेबानं पाहिलं तर अमली पदार्थ विकणारी पोरं गब्बर असायला हवीत. चेन्नईत जन्मलेले समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश शिकागोच्या एका टोळीत वर्षानुवर्षं ऊठबस करत होते. टोळीच्या चार वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्याच त्यांच्या हाती लागल्या! अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांच्याबरोबर त्यांनी त्या तपासल्या. म्होरक्याची कमाई तासाला सुमारे ६६ डॉलर. कोपऱ्यावर उभं राहून माल विकणाऱ्या पोराची? ३ डॉलर ३० सेंट. कायद्यानं ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षाही कमी. त्यात चार वर्षांत मारलं जाण्याची शक्यता चारात एक! बरीचशी पोरं आईच्याच घरी राहत, कारण भाडं परवडत नसे. त्यांच्यातल्या एकानं वेंकटेश यांना विनवलं होतं, विद्यापीठात झाडलोटीची नोकरी मिळवून द्या. ज्याला झाडू हातात घ्यायची एवढी आस आहे, त्याला गुन्हेगारी रक्तातच आहे म्हणणं हा अन्याय आहे, आणि हे ठणकावून सांगायला हवं.

शाळेला सुट्टी पडली की

रिकामं मन सैतानाचं घर, हे आजी सांगायची ते खरं की खोटं? ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी त्यासाठी एक नामी युक्ती शोधली. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुट्टी मिळते, ते दिवस त्यांनी निवडले. शाळा भरलेल्या दिवशी अल्पवयीन मुलांच्या चोऱ्या-तोडफोडीचे गुन्हे १४ टक्क्यांनी कमी. आजी बरोबर! पण त्याच दिवशी मारामाऱ्या २८ टक्क्यांनी जास्त. चारशे मुलं एका आवारात आली की धक्का लागतो, शब्दानं शब्द वाढतो. शाळा खिसा वाचवते आणि नाकावर ठोसाही आणते.

असंच कोडं सिनेमाचं. हाणामारीचा चित्रपट लागला की बाहेर हाणामाऱ्या वाढतील, असं कुणालाही वाटेल. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी अमेरिकेतल्या तिकीटविक्रीचे आकडे आणि पोलिसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर उलटंच निघालं. असे चित्रपट चालू असलेल्या दर शनिवार-रविवारी देशभरात सुमारे १,००० हल्ले टळत होते. भांडखोर तरुण खुर्चीत बसलेत, बारमध्ये नाहीत, म्हणून संध्याकाळी शांतता. आणि दारू पोटात गेलेली नसल्यानं मध्यरात्रीनंतरही. तरुणाचा गुन्हा बऱ्याचदा तो त्या तासाला कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे यावर ठरतो. दहा वर्षांनंतरच्या तुरुंगवासाची भीती त्याला फारशी दिसतच नाही.

आठ आठवड्यांची नोकरी

२०१२च्या उन्हाळ्यात शिकागोच्या १३ शाळांमधून १,६३४ मुलामुलींनी एका योजनेत नाव घातलं. पुन्हा तीच सोडत. ज्यांचं नाव निघालं त्यांना आठ आठवडे अर्धवेळ काम, किमान वेतनानं. कुणी सार्वजनिक बागेत राबलं, कुणी लहान मुलांच्या शिबिरात मदतनीस, कुणी नगरसेवकाच्या कचेरीत. पुढच्या १६ महिन्यांत नोकरी मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. सारा हेलर यांच्या या अभ्यासातली थक्क करणारी बाब अशी, की ही घट बहुतेक सगळी नोकरी संपल्यानंतरची आहे! म्हणजे हात कामात गुंतले म्हणून पोरं सरळ राहिली, एवढंच म्हणून भागत नाही. त्या दोन महिन्यांत ती काहीतरी घेऊन गेली. वेळेवर पोचणं असेल, साहेब ओरडला तरी तोंड न सोडणं असेल. शाळेतली हजेरी किंवा गुण मात्र वाढले नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे.

संघ हरला, शिक्षा वाढली

पुढचा अभ्यास वाचून मला रात्रभर चैन पडलं नाही. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे जीव की प्राण. ओझकान एरेन आणि नाजी मोजान यांनी १९९६ ते २०१२ या काळातले बालन्यायालयांचे निकाल तपासले. संघ जिंकणारच अशी खात्री असताना शनिवारी हरला, की पुढच्या आठवड्यात मुलांना लांबलचक शिक्षा! त्याच विद्यापीठातून पदवी घेतलेल्या न्यायाधीशांच्या बाबतीत हे आणखी ठळक, आणि भार पडला तो मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांवर.

आणि कोंडल्यानं होतं काय? त्याचं उत्तर पुन्हा शिकागोकडे आहे. जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९मध्ये तिथेच सुरू झालं. आना आयझर आणि जोसेफ डॉइल यांनी तिथल्या दहा वर्षांतल्या ३५,०००हून जास्त मुलांची प्रकरणं पाहिली. खटला कडक न्यायाधीशाकडे जातो की मवाळ, हे जवळपास नशिबावरच असतं. त्यामुळे गुन्हा सारखाच असूनही एक आत गेला, एक घरी गेला, अशा मुलांची तुलना करता आली. कोंडलेल्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण १३ टक्केबिंदूंनी घसरलं आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाण २३ टक्केबिंदूंनी वाढलं. सुधारायला म्हणून आत घातलेली मुलं शाळेतून कायमची तुटली. ‘एकदा आत टाका, सरळ होईल’ असं कट्ट्यावर सहज म्हटलं जातं, तेव्हा हे आकडे कुणीतरी समोर ठेवायला हवेत.

केस कापा, बँकेत जा

लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया. यादवी युद्धानंतर चोऱ्या आणि अमली पदार्थांवर जगणारे ९९९ तरुण. ख्रिस ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात काहींना आठ आठवडे गटात बसवून राग आवरायला, पुढचा विचार करायला शिकवलं. गृहपाठही असे. केस नीट कापून या, स्वच्छ कपडे घाला, बँकेत किंवा मोठ्या दुकानात जाऊन बघा. काहींना २०० डॉलर रोख दिले, काहींना दोन्ही. रोख पैसे दारूत जातील असं भाकीत करणारे चुकले, तशी उधळपट्टी फारशी झाली नाही. दहा वर्षांनी पाहिलं, तर शिकवणी आणि पैसे दोन्ही मिळालेल्यांच्या चोऱ्या जवळपास निम्म्यावर आलेल्या होत्या.

नववीची सायकल

आता आपल्या देशात या, आणि गुन्ह्यांकडून जरा शाळेच्या वाटेकडे वळा. २००६मध्ये बिहार सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी बिहारच्या मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी आणि शेजारच्या झारखंडशी केली. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या, मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फायदा झाला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली आणि मुलींच्या एसटी प्रवासासाठीची अहिल्याबाई होळकर योजना याच वाटेवरच्या आहेत.

वाट सुरक्षित नसली की काय होतं, ते गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठात दाखवलं. छेडछाडीचा रस्ता टाळता यावा म्हणून मुली मिळत असलेलं चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं घेतात. मुलांवर ही पाळी क्वचितच येते. रस्त्यातल्या टवाळांची किंमत अशी मुलींच्या पदवीतून वसूल होते, आणि ती कोणत्याही पोलीस ठाण्याच्या वहीत येत नाही.

प्रयोग करून मोजण्याच्या या विद्येत मुंबईनंही भर घातली आहे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं तिसरी-चौथीच्या मागं पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी नेमल्या. त्यांना बालसखी म्हणत. मुलं रोज दोन तास त्यांच्याकडे बसत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तर सर्वांत कच्च्या मुलांचीच सर्वांत जास्त प्रगती झाली होती.

तिसऱ्या वर्षी पेरलेलं

शेवटी पुन्हा अमेरिकेत, मिशिगन राज्यातलं इप्सिलँटी गाव. १९६२मध्ये तिथे तीन-चार वर्षांच्या गरीब कृष्णवर्णीय मुलांसाठी पेरी बालवाडी सुरू झाली. अभ्यासात १२३ मुलं होती, त्यांतल्या ५८ जणांना प्रवेश मिळाला. सकाळी अडीच तास शाळा, आणि आठवड्यातून एकदा बाई घरी येणार. काही वर्षांतच टीकाकार खूश झाले, कारण बुद्ध्यांकात मिळालेली आघाडी ओसरून गेली होती. संशोधकांनी मात्र पाठ सोडली नाही. मुलं चाळीस वर्षांची झाली तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना पाच किंवा जास्त वेळा अटक झालेली होती, न गेलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. नोबेलविजेते जेम्स हेकमन यांनी हिशेब केला, त्या बालवाडीवरच्या खर्चानं वर्षाला ७ ते १० टक्के परतावा दिला. पुढे हेकमन आणि गणेश करपकुला यांनी त्या मुलांच्या मुलांकडे पाहिलं. पेरी बालवाडीचं तोंडही न पाहिलेली ही दुसरी पिढी शाळेतून कमी वेळा निलंबित झाली होती आणि जास्त प्रमाणात नोकरीधंद्याला लागली होती.