हिमोफिलिया : कोपर जपा, पण हात चालता ठेवा

हिमोफिलिया असलेल्या मुलांचे आईवडील तपासणीच्या वेळी बहुधा गुडघ्याविषयी विचारतात. मूल लंगडले की ते लगेच दिसते. हाताचे तसे नसते. एका हाताला जमले नाही, तर मूल दुसऱ्याने काम भागवते. पण या आजारात सर्वाधिक रक्तस्राव होणाऱ्या तीन सांध्यांत गुडघा आणि घोट्याबरोबर कोपरही आहे.

हिमोफिलिया 'ए'मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी असतो, 'बी'मध्ये फॅक्टर ९. हे प्रमाण १ टक्क्याहून कमी असेल, तर मार न लागताही सांध्यात रक्त साचते. त्यामुळे सांध्याचे आतले अस्तर सुजते आणि सुजलेल्या अस्तरातून पुन्हा सहज रक्तस्राव होतो. दुखते म्हणून मूल कोपर वाकवून धरते, हात वापरणे टाळते. काही आठवड्यांतच दंडाचे स्नायू बारीक होतात. सांध्याला आधार देणारे स्नायूच अशक्त झाले की पुढच्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

याच्या खुणा घरातच दिसतात. शर्टाचे वरचे बटण लावताना मान खाली घालावी लागते का? केस विंचरताना, नळ फिरवताना, डब्याचे झाकण उघडताना हात बदलतो का? सुटे पैसे घेण्यासाठी तळहात वर वळवताना खांदा झुकतो का? दोन्ही हात समोर पसरायला सांगा. एक कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सांध्यात ऊब, मुंग्या किंवा ताठरपणा जाणवला, तर सूज येण्याची वाट न पाहता फॅक्टर द्यायला हवा. सोबत विश्रांती आणि कापडात गुंडाळलेला बर्फ. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालते. तेलमालीश किंवा हात ओढून सरळ करणे कटाक्षाने टाळा. हाताचा पुढचा भाग टणक होऊन बोटे बधिर झाली, तर तातडीने रुग्णालय गाठा.

दुखणे ओसरल्यावर मात्र हात गळ्यात अडकवून ठेवू नये. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आधी सांधा न हलवता स्नायू आवळणे, मग मुलाने स्वतःच कोपर वाकवणे व सरळ करणे, नंतर मऊ चेंडू दाबणे, पाण्याची छोटी बाटली उचलणे, असे टप्प्याटप्प्याने वाढवत जावे. पोहणे उत्तम, कुस्ती, कबड्डी नको. रक्तस्राव होण्याआधीच नियमित फॅक्टर किंवा, 'ए' प्रकारात, एमिसिझुमॅबचे त्वचेखालील इंजेक्शन मिळत असेल, तर व्यायाम अधिक सुरक्षित होतो. महाराष्ट्रातील सरकारी हिमोफिलिया उपचार केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो.

'तू काही करू नकोस' हे वाक्य मायेपोटी येते, पण त्याने हात दुबळा होतो. सांधा शांत असताना मुलाला आपले अंथरूण घडी करू द्या, कणीक मळू द्या. औषधाने रक्त थांबते. हातात बळ येते ते हात वापरूनच.