पत्र्याचं ठिगळ

कापड फाटलं की आपल्या आई-आज्ज्या ते तीन तऱ्हांनी सांधायच्या. भोक पडलं तर वरून ठिगळ. लुगडं मधोमध विरलं तर विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन चांगले तुकडे दंड घालून जोडायचे. कापड भारी असेल तर रफू. मोटारीच्या पत्र्यालाही साधारण याच तीन तऱ्हा लागू पडतात, हे मला कसबा बावड्यातल्या एका डेंटिंगच्या शेडमध्ये उमगलं. कवितेचा माणूस तिथं काय करत होता असं विचाराल, तर जुनी गाडी बाळगणाऱ्याला ही शेड चुकत नाही.

बावड्यात या कामाला तोटा नाही. पंचगंगेची पातळी आमच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. पूर ओसरल्यावर लोकांनी गाड्या धुतल्या, इंजिनं दुरुस्त केली. पण दाराखाली जी पोकळ पट्टी असते, जिच्यावरून आपण पाय आत टाकतो, तिच्या पोटात गाळ तसाच राहिला. पाणी निचरायला कंपनीनं ठेवलेली भोकं त्याच गाळानं बुजली. हा गंज आतून बाहेर येतो, आणि रंगावर फोड दिसेपर्यंत वर्षं निघून जातात. पुराचंच कशाला, खताची पोती वाहणाऱ्या गाडीचा हौदा बघा. सांडलेलं खत ओल धरतं आणि पत्रा खातं.

फोड दिसला की तेवढाच भाग खराब आहे असं आपल्याला वाटतं. मिस्त्री तसं मानत नाही. तो हातोडीच्या दांड्यानं ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला थपथपतो. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघतो. रुपयाएवढ्या फोडाखाली तळहाताएवढं भगदाड निघतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते, म्हणून तर तो रंगाला वर उचलतो.

आता खरा प्रश्न येतो, कापायचं किती? इथंच चांगलं काम आणि फसवं काम यांच्या वाटा वेगळ्या होतात. फसव्या कामात भोकावर जाळी किंवा पातळ पत्रा चिकटवतात, वर लांबी थापतात, घासतात, रंग मारतात. चार दिवस आरशासारखं दिसतं. पण लांबीत जोर कसलाच नसतो आणि खालचा गंज आपलं काम करतच राहतो. चांगला मिस्त्री गंजाची हद्द संपल्यावरही इंचभर पुढं, स्वच्छ पांढऱ्या पत्र्यापर्यंत कापतो. वितळलेल्या जोडाला धरायला निरोगी पत्रा लागतो. गंजलेल्या कडेवर वेल्डिंगची ठिणगी पडली की भोक आणखी मोठं होतं. आणि तो कोपरे गोल ठेवतो. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका टोकाला येतो, आणि गाडी खड्ड्यांतून धावली की तिथूनच चीर निघते.

मग पुठ्ठ्याचा साचा कापून त्याबरहुकूम नवा तुकडा. जाडी मूळ पत्र्याएवढीच हवी. ‘जाड घाला, मजबूत होईल’ असं गिऱ्हाईक सांगतं, ते चूक. जाड तुकडा वितळायच्या आत शेजारचा पातळ पत्रा जळून जातो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढावं लागतं, नाहीतर त्याचा पांढरा धूर उठतो आणि कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध प्यायचा रिवाज आहे. पण उपाय म्हणायचा तर जस्त काढणं, तोंडावर योग्य मास्क आणि मोकळी हवा.

तुकडा बसवायचा कसा? एकावर एक ठेवून जोडला तर ते सोपं ठिगळ. मात्र दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी शिरतं, म्हणून ती कड नीट बंद करावी लागते. खालच्या पत्र्याची कड दाबून पायरी पाडली तर वरून सपाटी मिळते. आणि कडेला कड भिडवून जोडणं म्हणजे रफू. दिसणाऱ्या भागाला तेच शोभतं, पण त्याला हात लागतो.

हात लागतो तो उष्णतेपायी. बाहेरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. तापलेली जागा फुगू पाहते. भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती जागच्या जागी दबते. निवताना मात्र आकसते आणि भोवतालचं सगळं आपल्याकडे ओढून घेते. एका दमात सरळ जोड मारला तर अख्खं दार वाकडं होतं. बोटानं दाबलं की तेलाच्या डब्यासारखं टक् करून आत, सोडलं की टक् करून बाहेर! म्हणून एक टाका इथं, दुसरा समोरच्या कडेला, मग थांबायचं. हात लावण्याइतकं निवलं की पुढचे टाके. मधेच पाठीमागे डॉली धरून टाक्यावर हलके ठोके मारायचे, म्हणजे आकसलेला पत्रा परत पसरतो. पूर्वी हे गॅसवर चालायचं. त्याची ज्योत भोवतीचा बराच पत्रा तापवते, पण जोड मऊ राहतो आणि ठोकता येतो. आता सीओटू वेल्डिंग आलं. त्यात उष्णता कमी पसरते, जोड मात्र कडक होतो. तो घासताना ग्राइंडर जास्त दाबला की पत्राच पातळ होतो. या कामाला वेळ लागतो तो बहुतेक निवण्याची वाट बघण्यात, आणि आपण नेमके तेव्हाच घाई करतो.

‘मिस्त्री, संध्याकाळपर्यंत द्या, आणि थोडं कमी करा.’ हे वाक्य ज्या गिऱ्हाइकानं कधी उच्चारलं नाही त्यानं मिस्त्रीला नावं ठेवावीत. घासाघीस करून आपणच लांबीचं काम मागून घेतो. शाळेची मुलं नेणाऱ्या किंवा वडापच्या जुन्या गाडीत तर हा जिवाशी खेळ आहे. अनेक गाड्यांत सीटबेल्टचा खालचा बोल्ट दाराच्या खांबाच्या पायथ्याशी किंवा फरशीत असतो. पट्टा माणसाला धरतो, पण पट्ट्याला पत्राच धरतो. तो कुजका असेल तर धडकेच्या वेळी बोल्ट पत्र्यासकट उपटून येऊ शकतो. अलीकडच्या गाड्यांच्या खांबांत तर खास प्रक्रियेनं कडक केलेलं पोलाद असतं. तापवलं की त्याची ताकद जाते. तिथं ठिगळ चालत नाही. कंपनीनं सांगितलेल्या जागी कापून पूर्ण भागच बदलावा लागतो.

एवढं करून जोडाची पाठ राहतेच. वेल्डिंगनं तिथला रंग जळालेला असतो, पत्रा उघडा पडलेला असतो, आणि नवा गंज तिथूनच धरतो. पोकळीत नळी घालून आतून मेणाचा गंजरोधक फवारा, तळाला अंडरकोट, हे न दिसणारं काम आहे. बिलात ते दिसलं की गिऱ्हाईक आधी त्यावरच काट मारतं.

म्हणून गाडी रंगाला जाण्याआधी एकदा शेडमध्ये जाऊन या. लांबी लागायच्या आत जोड उघडा बघायला मिळतो. चांगला मिस्त्री तो आनंदानं दाखवतो. जुनी गाडी घेत असाल तर छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दाराखालून, चाकाच्या कमानीवरून फिरवा. पोलादी पत्र्याला ते चिकटतं, लांबीच्या जाड थरावर घसरतं. आणि पावसाळा संपला की दाराखालच्या पट्टीची ती भोकं एका तारेनं मोकळी करा. पहिल्यांदा केलीत तर खाली एक फडकं अंथरा, बराच गाळ पडेल.