डोळ्यातला थेंब अंगभर जातो

काचबिंदूचे थेंब घातले की घशात कडू लागतं, असं घरची म्हातारी माणसं सांगतात. का, ते आज आम्ही सांगणार आहोत.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक वाट असते. जादा औषध त्या वाटेने नाकात उतरतं आणि तिथून रक्तात मिसळतं. गोळीसारखं ते आधी यकृतातून जात नाही, म्हणून थोडंसं औषधही जोर दाखवतं.

काचबिंदूवर सर्रास दिलं जाणारं टिमोलॉल नाडी मंद करू शकतं, श्वासनळ्या आवळू शकतं. दमेकऱ्याला धाप लागते. कुणाला थकवा येतो, कुणी खळ्यात चक्कर येऊन पडतं. मधुमेह असलेल्याला साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही. आणि आपण म्हणतो, वय झालं!

मग करायचं काय? एका वेळी एकच थेंब घाला. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा स्वच्छ बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटांनी घाला.

मालवणला दाखवा की ओरोसला, थेंबांची बाटली आणि बीपी-हृदयाच्या गोळ्या एकाच पिशवीतून न्या. दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. छातीच्या डॉक्टरांना थेंबांचं सांगा.

धाप लागली, भोवळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पण थेंब आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.