निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद

पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला. नाव तिमाप्पा, बाप भैरव. त्याला बिदरला नेऊन मुसलमान केले, मलिक हसन हे नाव दिले आणि राजपुत्राबरोबर फारसी शिकवली. हाच गुलाम पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. अहमदनगर वसवणारा मलिक अहमद हा त्याचा मुलगा. ही हकिकत फरिश्ता या इतिहासकाराची आहे. त्याचे बालपण अहमदनगरात गेले आणि निजामशाही दरबारात त्याने चाकरीही केली, म्हणून ती सहज बाजूला सारता येत नाही.

१४८६ साली बिदरला मलिक हसनचा खून झाला. अहमद तेव्हा जुन्नरच्या मुलखावर होता आणि शिवनेरी त्याच्या ताब्यात होती. त्याने बिदरची सत्ता झुगारली, तेव्हा त्याला मोडायला आलेला बहमनी सरदार जहांगीर खान भिंगारपाशी तळ देऊन गाफील राहिला. २८ मे १४९० रोजी अहमदने जेऊरच्या घाटाकडून येऊन पहाटे छापा घातला आणि फौजेची दाणादाण उडवली. त्याच परिसरात त्याने बाग आणि वाडा उभारला. १४९४ मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर शहर वसवायला घेतले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. एका बाजूला जुन्नर, दुसऱ्या बाजूला दौलताबाद, आणि तो किल्ला घ्यायचाच हा त्याचा निश्चय. दरवर्षी सुगीच्या वेळी तो तिकडचा मुलूख लुटत राहिला. १४९९ मध्ये दौलताबाद हाती आला.

माणूस म्हणूनही तो मला मोठा वाटतो. त्याने डोक्यावर पांढरे छत्र धरले तेव्हा काही सरदारांना ते खटकले. त्याने ते मुकाट्याने उतरवले, आणि मग सरदारांनीच आग्रह करून ते पुन्हा धरायला लावले. शहरातून घोड्यावर जाताना तो इकडेतिकडे पाहत नसे. परस्त्रीवर नजर पडू नये म्हणून, असे फरिश्ता लिहितो.

घराण्याला पाथरीचा विसर पडला नाही. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली. तो देईना, तेव्हा १५१८ मध्ये ती जिंकून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली.

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे याच निजामशाहीचे सरदार. दौलताबाद मोगलांकडे गेल्यावर १६३३ मध्ये शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. मराठी सरदार राज्य चालवायला शिकले ते इथे. हे राज्य १६३६ मध्ये बुडाले.

अहमदनगर जिल्ह्याला आज अहिल्यादेवींचे नाव आहे आणि त्याचा अभिमान आहेच. पण मलिक अहमदला परका मानून आपल्या इतिहासातून वगळणे चूक आहे. दिल्ली दरवाजाबाहेर बागरौजात त्याची काळ्या दगडाची कबर आहे. नगरला गेलात तर ती आवर्जून पाहा, आणि मुलांना बरोबर न्या.