तळमजल्यावर कोण राहतं?

पिंपरी-चिंचवडमध्ये पवना, मुळा आणि इंद्रायणी अशा तीन-तीन नद्या! त्यांच्या काठाजवळच्या उंच सोसायट्या नीट बघा. माणसं राहतात पहिल्या मजल्यापासून वर. खाली नुसते खांब आणि गाड्या. जिथे इंच इंच जागेला भाव, तिथे अख्खा मजला मोकळा?

पार्किंगसाठी, हे तर झालंच. पण पूर आला की हाच मजला दुसरं काम करतो. एक मीटर खोल साठलेलं पाणी तीन मीटर लांबीच्या भिंतीला किती जोराने ढकलतं, सांगा बरं? साधारण दीड टन वजनाइतक्या! वाहतं पाणी तर आणखी धक्के देतं. मोकळ्या खांबांमधून मात्र ते सरळ निघून जातं. गाड्या आधीच हलवल्या असतील, तर नंतर उरतो फक्त चिखल.

मग घर किती उंचावर हवं? चिंचवडला मोरया गोसावींचं समाधी मंदिर पवनेच्या अगदी काठावर आहे. मोठ्या पुरात पाणी मंदिरात शिरतं. म्हणजे नदी कुठवर येते, ते आधी ठाऊक हवं. त्यासाठी नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं, तर लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर उंचावर.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे पूर आला की पुढची चोवीस वर्षं निवांत? छे! डब्यात २५ चिठ्ठ्या टाका, त्यातली एकच निळी. डोळे मिटून एक काढा, पाहा, परत टाका. हे झालं एक वर्ष. असं २५ वेळा करा. शंभर मुलांनी हा खेळ खेळला, तर साधारण ६४ जणांना निळी चिठ्ठी येईल. काहींना तर दोनदा, तीनदा!

म्हणून निळी रेषा हा नुसता कागदावरचा नियम नाही. चिखलीत इंद्रायणीकाठी निळ्या रेषेच्या आत बंगले उभे राहिले होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले पाडले.

आता एक कोडं. जमिनीखालचं रिकामं पार्किंग पुरात काय करायला बघतं? तरंगायला! भोवतालची माती पाण्याने भरली की पाणी त्याला खालून वर ढकलतं. आर्किमिडीजचाच नियम. वरच्या इमारतीचं वजन त्याला दाबून ठेवतं. जिथे वर इमारत नसते, तिथे इंजिनिअरला जमिनीत खोल नांगर रोवावे लागतात.

नेदरलँड्समधल्या मासबोमेल गावात मात्र घरांना मुद्दाम तरंगू दिलंय! मास नदीकाठच्या त्या घरांखाली काँक्रीटचा पोकळ तळ आहे. एरवी घर जमिनीवर टेकलेलं असतं. पाणी चढलं की तेही वर उचललं जातं. वाहून जाऊ नये म्हणून ते भक्कम खांबांना अडकवलेलं असतं, आणि पाण्याचे-विजेचे जोड लवचीक असतात.

आपल्या चौदा-पंधरा मजली इमारती काही तरंगणार नाहीत. त्यांची हुशारी वेगळी: विजेचे मीटर आणि जनरेटर उंचावर ठेवायचे, पूर येणार कळलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवायची, आणि ड्रेनेजच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारी झडप लावायची. कारण पुराचं पाणी कधी कधी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून वर येतं!

तुमची इमारत नदीजवळ आहे? मग मीटर कुठे आहेत, जनरेटर कुठे आहे, हे आज शोधा. खाली सापडले, तर ‘हे वर कधी हलवायचे?’ हा प्रश्न सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला आईबाबांना नक्की विचारायला सांगा.